अकरा रविवार

बाराव्या रविवारी सकाळी पावणेनऊला आईचा फोन किणकिणला आणि मृणालिनीच्या हातातला चहाचा कप ओट्यावरच राहिला.

फोन आईचा होता; आई नव्हती. मार्चमधल्या एका गुरुवारी ती पुण्यात गेली. दिवसकार्य आटोपून, कपाटं आवरून मृणालिनी बाडहूव्हडॉर्प या आपल्या डच गावी परतली तेव्हा सामानातून आईचा फोनही आला. गॅसच्या जोडणीपासून पेन्शनच्या कागदांपर्यंत सगळं त्या नंबराला बांधलेलं. काहीही बंद करायला गेलं की ओटीपी तिथेच येणार. "आईंना विचारल्याशिवाय आईंचं काही बंद होत नाही," असं तिचा नवरा सुश्रुत एकदा म्हणाला होता. दोघंही हसली होती.

पण रविवारी सकाळी वाजायचा तो ओटीपी नसायचा. तो एदेम असायचा.

आईने पुण्याच्या कॉलेजात एकतीस वर्षं फ्रेंच शिकवलं. निवृत्तीनंतर दर उन्हाळ्यात ती तीन महिन्यांच्या व्हिसावर लेकीकडे यायची. मृणालिनी सकाळी मेट्रोने झुइडासला ऑफिसात जायची, सुश्रुत त्याच्या कामाला, आणि दिवसभर सगळ्या गल्लीत दार उघडणारी आई एकटीच. त्यामुळे कुरियरवाले अख्ख्या गल्लीची पार्सलं तिच्याकडेच ठेवायचे. संध्याकाळी शेजारीपाजारी आपापली खोकी न्यायला यायचे आणि आईला सगळ्यांची नावं पाठ झाली होती. त्या कुरियरवाल्यांतलाच एक, टोगो देशातला, शेजारणीच्या कुत्र्याच्या खाण्याचं वीस किलोचं पोतं घेऊन उभ्या जिन्यावरून वर येताना जिन्याला फ्रेंचमधून शिव्या घालत होता. वरून आईने फ्रेंचमध्येच सांगितलं, "शिवी अगदी बरोबर आहे, बाळ, पण जिन्याला ऐकू येत नाही."

तो एदेम. पोतं तिथेच ठेवून तो पायरीवर बसला आणि हसत सुटला. लोमे शहरात तो इलेक्ट्रिशियन होता, चांगला अकरा वर्षांचा अनुभव. इथे पार्सलं वाहत होता, कारण कामाचे अहवाल इंग्रजीत लिहिता येत नव्हते. आईने त्याला पाणी दिलं, बेसनाचा लाडू दिला आणि सांगितलं, "रविवारी वही घेऊन ये."

दोन वर्षं झाली त्याला. आता तो आर्नहेमला एका कंपनीत होता, ट्रान्सफॉर्मरच्या देखभालीच्या कामावर, पण हाताखालचा म्हणून. तंत्रज्ञ व्हायचं तर कंपनीची लेखी परीक्षा द्यायची. ती चोवीस जूनला होती.

शिकवणी फोनवरून चाले. एदेम आखीव पानावर दहा ओळी इंग्रजी लिहायचा, ओळींना आकडे घालायचा आणि पानाचा फोटो पाठवायचा. त्याची गाडी अडायची ती 'अ', 'अ‍ॅन' आणि 'द'पाशी. आईला हा विषय फार आवडे. एदेमला शिकवलेलंच जेवताना ती सुश्रुतला सांगायची, "फ्रेंच माणूस टोपी घातल्याशिवाय शब्दाला घराबाहेर सोडत नाही. प्रेमाला टोपी, आयुष्याला टोपी, दुधाला टोपी. आपण मराठी माणसं सगळ्यांना बोडक्यानंच पाठवतो. आणि इंग्रज दारात उभा राहून ठरवतो, कुणाला घालायची."

"इंग्रजांनी टोप्या घालायचंच काम केलं, आई," सुश्रुत म्हणायचा.

"तू जेव," आई म्हणायची.

एदेमच्या पानावर आईचं उत्तर नुसत्या आकड्यांत जाई. 'ओळ २, ५, ६, ९.' चूक काय, दुरुस्ती काय, अक्षर नाही. ती त्याने शोधायची आणि पुन्हा लिहून पाठवायची.

मार्चच्या शेवटच्या रविवारी मृणालिनीने फोन पहिल्यांदा सुरू केला तेव्हा त्यात एदेमची चार पानं येऊन पडली होती, आणि शेवटी एक ओळ: 'मादाम, तुम्ही दमला असाल. मी थांबतो.' कळवायचंच म्हणून तिने लिहायला घेतलं. पण फोटोतल्या तिसऱ्या ओळीवर नजर गेली: 'द पेशन्स इज नेसेसरी इन द लाइफ.' काय खटकतंय ते तिला कळत होतं. तिने '३' लिहिला. मग '७'. पाठवून दिलं. आजचं तपासू, पुढच्या रविवारी सांगू.

मिनिटभरात उत्तर आलं. 'आः! मादाम! थँक यू!'

तीन आठवड्यांत त्या नंबरावर आनंदाने कुणी काही लिहिलं नव्हतं. पुढच्या रविवारी तिने सांगितलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. त्या अर्ध्या तासापुरती आई कुठेतरी होती, चष्मा कपाळावर सारून पान बघत होती, असं काहीसं व्हायचं. हे तिने कुणाला बोलून दाखवलं नाही, दाखवण्यासारखं नव्हतंच.

सुश्रुतला मात्र दिसत होतं. एकदा तो म्हणाला, "मृणाल, हे बरं नाही."

"मी फक्त पेपर तपासतेय."

"सही कुणाची करतेस?"

ती फोन चार्जिंगला लावायला उठली होती.

आणि आज बाराव्या रविवारी पानाखाली एक ओळ होती. 'मादाम, यंदा कधी येता? दर वर्षी मेमध्ये येता. निकाल मला तुमच्या हातात द्यायचा आहे.'

"वाच," तिने फोन सुश्रुतपुढे धरला.

त्याने वाचलं. "मग?"

"दहा दिवसांवर परीक्षा आहे. आत्ता सांगितलं तर तो मोडेल."

"परीक्षा झाल्यावर सांग."

"म्हणजे 'येते रे जुलैत' असं लिहू? आईच्या नावाने?" तिचा आवाज चढला. "तपासणं वेगळं. हे मी नाही लिहू शकत."

"मग तुला उत्तर माहीत आहे," सुश्रुत म्हणाला आणि तिचा गार झालेला चहा गरम करायला घेऊन गेला.

तिने स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या नावाने लिहिलं. पाच वाक्यं. मी मृणालिनी, पद्मजा मॅडमची मुलगी. माझी आई मार्चमध्ये वारली. गेले अकरा रविवार तिच्या फोनवरून मीच उत्तरं दिली. हे चूक होतं. मला माफ करा. आयुष्यभर इंग्रजी वाचत आलेली बाई, पण पाच वाक्यांना तिला पाऊण तास लागला.

पाठवल्यावर दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. बुधवारी मीटिंगमध्ये तिने टेबलाखाली तीनदा फोन पाहिला. शुक्रवारपर्यंत तिने मनाशी मान्य करून टाकलं की आपण आईचा विद्यार्थी घालवला, तोही परीक्षेच्या तोंडावर.

शनिवारी दुपारी बेल वाजली.

या देशात बेल अशी वाजत नाही. इथे भेटायचं तर आधी 'अफस्प्राक' घ्यायची, दिवस आणि तास ठरवून. इथली मराठी माणसंही तशीच होऊन गेली आहेत. आई गेल्याचं कळल्यावर मैत्रीण मंजूषाने इथल्या मराठी ग्रुपवर तारखांचा पोल टाकला होता: 'मृणालला भेटायला कधी जाऊ या?' सगळ्यात जास्त मतं पडली त्या शनिवारी कुणाच्या तरी मुलाची पोहण्याची परीक्षा निघाली. नंतर दुसरी तारीख पडली नाही. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. फुलं आली, कार्डं आली. माणूस आलं नाही.

दारात एदेम होता. कडक इस्त्रीचा काळा शर्ट, एका हातात सरबताच्या बाटल्यांचं खोकं, काखेत वही. आर्नहेमहून ट्रेन, मग बस, आणि त्या उभ्या जिन्यावरून ते ओझं.

"मी वेळ ठरवून आलो नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "असल्या कामासाठी वेळ मागत नाहीत."

"आमच्याकडेही नाही मागत," मृणालिनी म्हणाली आणि बाजूला झाली.

तो आत आला, पण बसेना. सुश्रुत स्वयंपाकघराच्या दारातून हळूच मराठीत म्हणाला, "चहा टाकू? की अशा वेळी टाकत नाहीत?"

"तीन महिने झालेत. टाक."

"दुःखाच्या घरी आम्ही रिकाम्या हातांनी जात नाही," म्हणत एदेमने खोकं टेबलावर ठेवलं. मग उभ्याउभ्याच बोलायला लागला. आवाज चढला नाही. चढला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"एप्रिलच्या शेवटी मी पानाखाली काय लिहिलं होतं, आठवतं?"

"आठवतं."

"माझी बायको परत लोमेला जायचं म्हणते, असं लिहिलं होतं. हे मी माझ्या भावालाही सांगितलं नव्हतं. मादामना लिहिलं. तुम्ही वाचलंत?"

"वाचलं."

"आणि उत्तर आलं: ओळ चार, ओळ आठ." तो थांबला. "मला वाटलं, मादाम माझ्यावर रागावल्या. दोन महिने मी विचार करतोय, मी काय चुकलो."

मृणालिनीकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मी घाबरले होते, मला तिथे काय लिहावं सुचलं नाही, आईने काय लिहिलं असतं हे मला माहीत नव्हतं. यातलं एकही तिने सांगितलं नाही.

"ते माझ्यासाठी नव्हतं," ती म्हणाली. "मी वाचायला नको होतं. वाचलं तर सांगायला हवं होतं. माझी चूक झाली."

"हो," एदेम म्हणाला. "झाली."

एवढं झाल्यावर तो बसला. चहा आला. त्याने कपात तीन चमचे साखर घातली, ढवळली, आणि कप खाली ठेवून विचारलं, "आता मला सांगा. कशा गेल्या?"

मृणालिनीने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की हे तिने आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ती पुण्यात पोचली तेव्हा शामलामावशी, आईची बहीण, दारातच बसलेली होती, आणि येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं तीच सांगत होती. सकाळी सहाला उठली, दूध घेतलं, मला फोन केला... दहा दिवस मृणालिनीने ते ऐकलं होतं. तिची पाळीच आली नव्हती. आणि इथे परतल्यावर कुणी विचारलं नव्हतं. 'कशी आहेस' विचारलं होतं. 'कशी गेली' नाही.

"सकाळी सहाला उठली," ती म्हणाली. "दूध घेतलं. मावशीला फोन केला, भाजीवाल्याची तक्रार केली. मग झाडांना पाणी घालायला गॅलरीत गेली."

एदेम मधूनमधून घशातून एक खालचा आवाज काढत होता, पुढे सांगा म्हटल्यासारखा. ती सांगत गेली. शेजाऱ्यांना झारी पडल्याचा आवाज आला ते. रुग्णवाहिका आली ते. आपण विमानात होतो तेव्हा खाली कुठला देश होता ते. मध्येच रडू आलं, तेव्हा त्याने इकडेतिकडे बघितलं नाही, घाईने रुमालही पुढे केला नाही, तो थांबला. ती पुन्हा सांगू लागली. सुश्रुत दाराशी टेकून उभा होता. त्यालाही यातलं अर्धं नवीन होतं.

सगळं सांगून झालं तेव्हा चहावर साय धरली होती.

मग एदेमने वही उघडली. "आता दुसरं. बुधवारी परीक्षा आहे. मला सांगा, प्रत्येक पानातली बरोबर ओळ कोणती?"

"बरोबर ओळ?"

"तुम्ही आकडे दिलेत त्यातली."

"मी फक्त चुकलेल्या ओळींचे आकडे दिले."

"सगळ्या?"

"सगळ्या. म्हणजे?"

एदेमने वही टेबलावर टेकवली. चेहऱ्यावरचा त्या काळ्या शर्टासारखा कडकपणा उतरून त्याच्या जागी साधी भीती आली. "मादाम कधीच सगळ्या चुकीच्या द्यायच्या नाहीत. आकडे कितीही असोत, त्यांत एक ओळ बरोबर. दर वेळी. ती एक मी ओळखायची आणि लिहायचं, 'ही मी बदलणार नाही', आणि का ते सांगायचं. तुम्ही जुन्या पानांत वाचलं नाहीत?"

तिने वाचलं होतं. 'ओळ सात मी बदलणार नाही.' ही वाक्यं तिच्याही रविवारांत आली होती. प्रत्येक रविवारी. तिला वाटलं होतं, दमलाय, हट्ट धरतोय. लांबण लागायला नको म्हणून तिने अंगठा पाठवला होता. अकरा वेळा.

"त्या अकरा ओळी मी बरोबर म्हणून पाठ केल्या," एदेम म्हणाला.

मृणालिनीला चिंता वाटायला हवी होती, आणि वाटतही होती; पण त्या चिंतेच्या खालून काहीतरी वेगळंच वर येत होतं. बरोबर आलेल्या गणितावर बोट ठेवून आई लहानपणी विचारायची, "नक्की?" आणि ती रडकुंडीला येऊन खोडून टाकायची. तेव्हा आई चिडायची. का, हे आज कळत होतं. आईबद्दल अजून कळायचं होतं तर.

"ती असं का करायची, सांगितलं होतं?" तिने विचारलं.

"म्हणायच्या, चूक शोधणं सोपं असतं. साहेब समोर बसून म्हणेल, 'हे चुकलंय', तेव्हा 'नाही, हे बरोबर आहे' म्हणून उभं राहायचं, ते मी तुला शिकवते." तो पहिल्यांदा किंचित हसला. "पहिले सहा महिने मी सगळंच बदलून टाकायचो."

"मीही," मृणालिनी म्हणाली. "द्या इकडे वही."

सुश्रुतने टेबल रिकामं केलं. तिने अकरा पानांतल्या अकरा ओळी, ज्या त्याने बरोबर म्हणून धरून ठेवल्या होत्या, एका कागदावर एकाखाली एक उतरवून काढल्या. द सेफ्टी इज द फर्स्ट रूल. द इलेक्ट्रिसिटी इज डेंजरस. द पेशन्स. द एक्स्पीरियन्स. लिहिता लिहिता तिचा हात थांबला.

"एदेम, या अकरा चुका नाहीत."

"बरोबर आहेत?" तो आशेने म्हणाला.

"नाही, नाही, चुकलेल्याच आहेत. पण चूक एकच आहे, अकरा वेळा. तुम्ही दर वेळी तीच ओळ वाचवलीत, जी फ्रेंच कानाला सगळ्यात गोड लागते. हे बघा. 'द पेशन्स'. कोणता पेशन्स? कुणाचा?"

"सगळ्यांचा. असाच... पेशन्स."

"बोट दाखवा."

त्याने हवेत बोट फिरवलं. कुठेच टेकलं नाही.

"मग टोपी नको," ती म्हणाली. "आणि 'द रूल'? इथे बोट टेकतं?"

"टेकतं. पहिला. एकच आहे."

"राहू दे ती."

अकरापैकी दहा तासाभरात सरळ झाल्या. अकराव्या ओळीपाशी खटका उडाला. तिने 'द' काढायला सांगितला. त्याने वहीवर पंजा ठेवला. "ही मी बदलणार नाही."

"का?"

"वरच्या ओळीत त्याच तेलाबद्दल लिहिलंय. आमच्या ट्रान्सफॉर्मरमधलं. वाचणाऱ्याला माहीत आहे कुठलं तेल."

तिने वरची ओळ वाचली. मग खालची. खरंच की. घाईघाईत तिने त्या रविवारी एकटीच ओळ पाहिली होती. म्हणजे एका पानावर, नकळत का होईना, आईचा नियम पाळला गेला होता.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "तुमचं बरोबर, माझं चूक."

एदेमने तो कागद घडी करून खिशात ठेवला, तो जरा जास्तच सावकाश.

तो निघाला तेव्हा ती जिन्यापर्यंत गेली आणि गप्प उभी राहिली. त्याने एक पायरी उतरून वर पाहिलं. "काही चुकलं?"

"आमच्याकडे अशा भेटीला आलेला माणूस 'येतो' म्हणून जात नाही, आणि घरचे 'या' म्हणत नाहीत. तसंच निघायचं असतं."

एदेमने विचार केला. "मग मी पुढच्या वेळी कसा येणार? खिडकीतून?"

ती हसली. इतकी हसली की जिन्याचा कठडा धरावा लागला, आणि आतून सुश्रुत काय झालं ते बघायला आला.

बुधवारी परीक्षा झाली. निकाल पुढच्या मंगळवारी लागायचा होता. तो दिवस तिने कसाबसा काढला. साडेपाचला झुइडासच्या फलाटावर ती मेट्रोची वाट पाहत होती तेव्हा तिचा स्वतःचा फोन वाजला.

"पास!" एदेम इतक्या मोठ्याने ओरडला की शेजारच्या बाईने वळून पाहिलं. "अहवाल पूर्ण मार्क. सेफ्टी, इलेक्ट्रिसिटी, सगळे बोडके सोडले!"

"आणि चूक एकही नाही?"

"एक. स्वतःबद्दल लिहायचं होतं. मी लिहिलं, 'आय अ‍ॅम टेक्निशियन.' फ्रेंचमध्ये इथे टोपी नसते, पण साहेबांनी मध्ये 'अ' घातला. हे तुम्ही मला शिकवलंच नाही."

"मलाही नसतं दिसलं," ती म्हणाली. "मराठीतही आम्ही असंच म्हणतो."

"मादामना दिसलं असतं."

"हो," ती म्हणाली. "तिला दिसलं असतं."

मेट्रो आली. तिने ती जाऊ दिली. पलीकडे एदेम अजून फोनवर होता. मागे एका बाईचा आवाज येत होता, फ्रेंचमध्ये काहीतरी बजावणारा.

"माझी बायको," तो म्हणाला. "ती विचारतेय, येत्या शनिवारी माझ्याबरोबर तीही आली तर चालेल का. इंग्रजीसाठी नाही. मी घरी येऊन तिला मादामचं सांगितलं, पण ती म्हणते मी नीट सांगत नाही, मधलं गाळतो. तिला तुमच्याकडून ऐकायचंय." तो जरा थांबला. "तुम्हाला पुन्हा सांगवेल का?"

फलाटावरचा फलक पुढच्या गाडीला चार मिनिटं दाखवत होता. माणसं येत होती, रांगा धरत होती.

"सांगेन," मृणालिनी म्हणाली. "तिला म्हणावं ये. पहिल्यापासून सांगेन."